दाबकेबाईंच्या देव्हाऱ्यावरचा कागद

अलका दाबके जपानी झाली, ही कुजबुज २००६ च्या गणपतीत इंग्लंडातल्या पिनरपासून हॅरोपर्यंतच्या प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात झाली. सुरुवात केली नीना सबनीसने. ती डबा परत द्यायला म्हणून अलकाकडे गेली होती, आणि नीना कुणाकडे डबा परत द्यायला जाते तेव्हा येताना काय काय भरून आणते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिने पाहिलं ते असं: अलकाच्या देव्हाऱ्यावर पांढरा कागद. चारी बाजूंनी सेलोटेप. ना दिवा, ना फूल, घंटा आडवी करून ठेवलेली.

"अगं, देव गुदमरले असतील आत," नीना म्हणाली. "बाई ख्रिश्चन झाली असती तर एक वेळ समजलं असतं. इथे राहून होतात काही काही. पण जपानी?"

दुसऱ्या घरी पोचेपर्यंत कागदावर जपानी मंत्र उमटला. तिसऱ्या घरी अलकाने चांदीची अन्नपूर्णा विकली. पाचव्या घरी तर ती एका म्हाताऱ्या जपान्याशी लग्न करायच्या बेतात होती, एकोणसत्तराव्या वर्षी! त्यातून त्या वर्षी मंडळाच्या गणपतीला अलकाचे उकडीचे मोदक आले नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मंडळाला साच्यातले रबरी मोदक चावत बसावं लागलं, म्हणून धर्मबुडवीचा राग जरा जास्तच आला, हेही सांगितलं पाहिजे.

अलका मूळची मिरजेची. सदुसष्ट साली नवऱ्याच्या मागोमाग इकडे आली. नवरा, शशिधर, फोटोच्या फिल्मच्या कारखान्यात. ही प्रायमरी शाळेच्या किचनमध्ये. तिच्या हाताखाली इंग्रज पोरांच्या दोन पिढ्या बिनगाठीचं कस्टर्ड खाऊन मोठ्या झाल्या. स्वच्छतेची इतकी हौस की पाहुणा उठला की उशी झटकायची, आणि पाहुणा दारात असतानाच. मुलगा उदय ग्लासगोला हाडांचा डॉक्टर. नवरा नव्व्याण्णव साली गेला. मग घरात ती आणि तिचे देव. देव रोज आंघोळ करून चकचकीत, कारण हात चालवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आणि भिंतीपलीकडे सेत्सुको.

सेमी-डिटॅच्ड घर म्हणजे शेजाऱ्याशी एका भिंतीचं लग्न. दाबके तिथे राहायला आले एकोणऐंशी साली, आणि पहिल्याच आठवड्यात अलकाला सकाळी सातला भिंतीतून दोन टाळ्या ऐकू आल्या. खणखणीत. मग शांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन.

"डास मारत असेल," शशिधर पेपरातून म्हणाला.

"जानेवारीत? इंग्लंडात? रोज दोनच डास, तेही सातच्या ठोक्याला?"

पलीकडे सेत्सुकोचाही तर्क चालला होता. अलकाच्या पूजेची घंटा ऐकून तिची खात्री झाली होती की ही इंडियन बाई नवऱ्याला ब्रेकफास्टला घंटा वाजवून बोलावते. तिला ते फार आवडलं होतं म्हणे. आपल्या रॉनसाठी एक घंटा घ्यावी असंही तिच्या मनात आलं होतं.

शेवटी अलका साखर मागायला गेली. घरात दोन किलो होती.

सेत्सुको पार्किन बुटकी, ताठ, आणि हसताना तोंडावर हात ठेवणारी. हिरोशिमाकडच्या डोंगरातलं तिचं गाव. लढाईनंतर तिथल्या बंदरावर इंग्रज शिपाई होते, त्यांतला एक रॉन पार्किन. त्रेपन्न साली ती त्याच्याबरोबर बोटीत बसली आणि पुन्हा कधी गेली नाही. बापाने घराचं दार लावून घेतलं होतं. असल्या गोष्टी ती चहात दूध घालावं तितक्या सहज सांगायची. पण त्या पहिल्या दिवशी अलकाचं लक्ष गोष्टीत नव्हतंच. बैठकीच्या खोलीत, छताला लागून, एका फळीवर छोटंसं लाकडी घर होतं. पुढे गवताची पिळदार दोरी. पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्यांत तांदूळ, मीठ, पाणी.

"देव?" अलकाने विचारलं.

"कामी," सेत्सुको म्हणाली. "माझ्या गावचे. डोंगराचे, पाण्याचे, शेताचे."

म्हणजे आपला म्हसोबा, अलकाने मनात बसवून टाकलं. बांधावरचा, शेंदूर फासलेला, नावगाव न विचारता नमस्कार करायचा तो. तेवढ्यात तिची नजर वर गेली. फळीच्या बरोबर वर छताला एक कागद डकवलेला, त्यावर शाईने एक अक्षर.

"वर आमची बेडरूम आहे," सेत्सुको जरा ओशाळून म्हणाली. "रॉनचे पाय देवावर पडतात. म्हणून इथे 'ढग' लिहिलंय. ढगाच्या वर फक्त आकाश. मग रॉन चालला तरी चालतो."

अलका खूश झाली. मिरजेत देवघराच्या वरच्या खोलीत कुणी झोपायचं नाही म्हणून आख्खी खोली वाया गेली होती. ही अक्कल तिच्या सासऱ्यांना सुचली नव्हती.

"आत मूर्ती कुणाची आहे?"

"मूर्ती नाही."

"मग काय आहे?"

"बघत नाही."

"कधीच?"

"कधीच."

"मग आत काही आहे हे कशावरून?"

सेत्सुको तोंडावर हात ठेवून हसली. "अलका-सान, पोस्टमन पाकीट उघडून बघतो का?"

त्या दिवसापासून अलकाच्या डोक्यात जो किडा वळवळायला लागला तो सत्तावीस वर्षं थांबला नाही. दोघींची मैत्री जमली, घट्ट जमली. दोघींचे नवरे गेले तेव्हा एकमेकींच्या घरी डाळभात आणि मिसो सूप पोचलं. पार्कातल्या जुन्या ओकला सेत्सुको वाकून नमस्कार करायची, तर अलका सवयीने प्रदक्षिणा घालायची, आणि कुत्री फिरवणारे इंग्रज लांबून वळसा घालायचे. पण चहा पिता पिता अलकाची नजर त्या दोन इवल्या दारांवर जायची. काड्यापेटीएवढी दारं. कडीसुद्धा नाही.

२००६ च्या जूनच्या शेवटी सेत्सुको बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला. उन्हाळा असा की हॉस्पिटलचे पंखे गरम वारा फेकत होते. स्ट्रेचरवरूनच तिने अलकाच्या हातात किल्ली ठेवली. "पाणी, तांदूळ, मीठ. रोज सकाळी. आणि टाळ्या, जमल्या तर."

जमल्या तर! अलकाने पहिले नऊ दिवस सगळं जिथल्या तिथे केलं. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. दहाव्या दिवशी, शुक्रवारी, तिच्या मनात आलं की या देवाला पन्नास वर्षांत आंघोळ नाही.

आता हे तिच्या मनात नेमकं कसं आलं, यावर वाद घालता येईल. तिने स्वतःला जे सांगितलं ते असं: मालकीण हॉस्पिटलात, उन्हाळा हा असा, फळीवर धूळ, बिचारा देव पारोसा. आपले देव रोज न्हातात आणि शेजारचा देव मात्र तसाच. त्यात कसली चूक? ती सोवळं नेसली, आपल्या घरून ताम्हन आणलं, पंचामृत कालवलं आणि स्टुलावर चढली. उदयने तिला स्टुलावर चढायला बंदी केली होती, हे बाजूला राहू द्या.

दारं उघडली. आत चहाच्या रंगाची झालेली एक चपटी पुडी, कागदाच्याच पिळाने बांधलेली. "जरा आंघोळ घालते हं," ती देवाला म्हणाली, पुडी सेत्सुकोच्या स्वयंपाकघरात नेली आणि पीळ सोडला. आत आणखी कागद. त्याच्या आत बोटभर लाकडाची पातळ पट्टी. पट्टीवर काळी, ओघवती अक्षरं आणि तांबडा शिक्का.

हा तर टाक! अलकाला हायसं वाटलं. तिच्या देव्हाऱ्यातही कुलस्वामिनीचा टाक होता, चांदीच्या पत्र्यावर ठसवलेला. टाकाला कसं न्हाऊ घालायचं हे तिला सासूने शिकवलं होतं: दूध, दही, तूप, मध, मग साखर घेऊन अंगठ्याने चोळायचं, कोपऱ्याकोपऱ्यांतून, म्हणजे लख्ख निघतो.

तिने लाकडाला साखर चोळली.

दूध आधी राखाडी झालं, मग त्यात तांबडी रेघ आली. काय होतंय ते कळायला तिला एक क्षण लागला, आणि त्या क्षणात तिने सवयीप्रमाणे पट्टी उचलून कोरड्या फडक्याने खसाखसा पुसली. उरलं होतं तेही गेलं. हातात राहिली एक स्वच्छ, कोरी, मधाच्या वासाची फळकुटी. पुडीचा कागद ताम्हनात लापशीसारखा तरंगत होता.

ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसली ती दीड तास उठली नाही.

त्या दुपारी ती हॉस्पिटलला गेली ते सांगून टाकायचं ठरवूनच. बसमध्ये वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण सेत्सुको उशीला टेकून बसली होती, गाल लाल, डोळ्यांत चमक.

"अलका-सान! फुमिए येते आहे. माझी भाची. शाळेत शिकवते, सुट्टी लागली की येईल. एक ऑगस्टला."

"अरे वा," अलका म्हणाली.

"मी तिला एक काम सांगितलंय." मग तिने सांगितलं. बापाने दार लावलं त्या पहाटे आईने मागच्या बाजूने येऊन ती पुडी तिच्या गाठोड्यात सरकवली होती. बोलली काहीच नाही. आई पुन्हा दिसली नाही. खरं तर अशी पुडी दर वर्षी देवळात परत करायची असते. आभार मानून आगीत देतात आणि नवी आणतात. हिची त्रेपन्न वर्षं राहिली. "फुमिए ती गावच्या देवळात परत नेईल. मी गेले नाही अलका-सान, आता जाणारही नाही. निदान ते तरी घरी जातील." आणि मग, अगदी रोजच्यासारखं, "पाणी बदललंत?"

"बदललं."

"मीठ?"

"मीठही."

"तुमच्यामुळे मला इथे झोप लागते."

परतीच्या बसमध्ये अलका दोन स्टॉप पुढे गेली.

एक ऑगस्टला पंचवीस दिवस होते. या पंचवीस दिवसांत त्या बाईने काय काय केलं ते ऐकलं तर हसू येईल. तिला येत नव्हतं. पुडीचा कागद तिने इस्त्रीखाली वाळवला, तांदळाच्या खळीने जोडला; तो पापडासारखा मोडला. पट्टी उन्हाला धरून, तिरपी करून, शशिधरचं भिंग लावून पाहिली. अक्षरं आठवायचा प्रयत्न केला. पाच होती की सहा? एक शिडीसारखं होतं. एक छत्री घेऊन पळणाऱ्या माणसासारखं. बाकीची? सत्तावीस वर्षं जे पाहायचं होतं ते समोर आलं तेव्हा तिने धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

उदयला फोन केला. तो म्हणाला, "आई, इट्स अ पीस ऑफ वुड. सांगून टाक ना त्यांना. शी'ल अंडरस्टँड."

"तुझी आजी वारली तेव्हा मी इथे होते," अलका म्हणाली. "माझ्याकडे तिची नथ आहे. ती तू उद्या मिक्सरमध्ये घातलीस तर मी अंडरस्टँड करू का?"

"मिक्सरमध्ये कशाला घालीन?"

"ठेव फोन."

शेवटी तिने अजय सबनीसला गाठलं. नीनाचा नवरा, अठ्ठावन्न वर्षांचा, सिटीत एका जपानी बँकेत कॉम्प्युटरचं काम करायचा. तीस वर्षं नीनाबरोबर संसार केल्यामुळे त्याला गप्प राहायची उत्तम सवय होती. सगळी हकीकत त्याने आपल्या गाडीत, काचा वर करून, बत्तीस डिग्रीत घामाघूम होत ऐकली.

"नीनाला कळता कामा नये."

"ताई, नीनाला काय कळायला हवं ते मी कधीच ठरवलेलं नाही. पण माझ्याकडून नाही कळणार."

दोन दिवसांनी पुन्हा गाडी, पुन्हा काचा वर.

"मोरिताला विचारलं, माझ्या बाजूला बसतो. त्याने आधी विचारलं, 'उघडलं?' मी म्हटलं हो. मग जरा वेळाने विचारलं, 'धुतलं?' मी म्हटलं, साखरेने. तो चहा आणतो म्हणून गेला तो लंचनंतर उगवला."

"पण म्हणाला काय?"

"म्हणाला, दुरुस्त होत नाही. त्याच देवळातून नवी आणायची, एवढाच रस्ता. गावाचं नाव हवं."

नाव काढायला अलकाला फार कष्ट पडले नाहीत, आणि तेच वाईट होतं. कुणीतरी आपल्या गावाबद्दल विचारतंय या आनंदात सेत्सुकोने नावच काय, देवळाच्या पायऱ्या किती, पाण्याच्या हौदावर बेडूक कुठे बसायचे, सगळं सांगितलं. चौऱ्याऐंशी पायऱ्या. अलकाने बसच्या तिकिटाच्या पाठीमागे लिहून घेतलं.

मोरिताने जपानला फोन लावला. आठवड्याने अजय आला तो गाडीतून उतरलाच नाही, काचही अर्धीच खाली केली.

"ताई, देऊळ नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"अकरा वर्षं झाली. गावात माणसंच उरली नाहीत. पुजारी वारला, देवाला दुसऱ्या मोठ्या देवळात नेलं, इमारत पाडली. तिथे आता झाडं आहेत."

म्हणजे नवी पुडी नाही. आणि जुनी असती तरी ती परत घेणारं कुणी नाही. आता अलकाच्या पोटात एक नव्हे, दोन गोष्टी झाल्या आणि रोज दुपारी चार वाजता ती त्या घेऊन पलंगाशेजारी बसायची. पाणी बदललं? बदललं. सकाळी ती खरंच बदलायची. रिकाम्या घरापुढे ताजं पाणी, ताजे तांदूळ, दोन टाळ्या. टाळ्यांचा आवाज त्या खोलीत असा फुटायचा की तिचं तिलाच दचकायला व्हायचं. आपल्या देवांपुढे बसली की तिला रडू यायचं आणि मग रागही. एकदा ती कुलस्वामिनीच्या टाकाला म्हणाली, "तू बाई धातूची आहेस, तुला काय!"

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिने जपानी दुकानातून ब्रश आणि शाईची बाटली आणली. होय, खोटी अक्षरं काढायला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने शिडी काढली. छत्रीवाला माणूस काढला. दोनशे तरी काढले असतील. मग पट्टी समोर ठेवली, ब्रश बुडवला, आणि शाईचा थेंब ब्रशच्या टोकाला जमून टपकेपर्यंत तशीच बसली. थेंब टेबलक्लॉथवर पडला. तिने ब्रश धुऊन ठेवला. टेबलक्लॉथ मात्र धुतला नाही. अलका दाबकेच्या घरात डाग! यावरूनच काय ते समजा.

पंचवीस तारखेला सेत्सुकोला स्ट्रोक आला. डावी बाजू गेली, आणि इंग्रजीही गेलं. त्रेपन्न वर्षं ज्या भाषेत भाजी आणली, नवऱ्याशी भांडली, ती भाषा एका सकाळीत पुसली गेली. उरली गावाकडची जपानी, तीही अर्धवट. नर्स कपाळाला हात लावून गेली. अलका खुर्ची ओढून बसली.

आणि तेव्हा, आता काही कळणार नाही अशी खात्री झाल्यावर, तिने सगळं मराठीत सांगितलं. भित्रेपणा होता तो. तिलाही माहीत होतं.

"सेत्सुको, मी उघडलं. आंघोळ-बिंघोळ सगळं निमित्त गं. मला बघायचं होतं. साखर मागायला आले ना, त्या दिवसापासून बघायचं होतं. तुझ्या आईने दिलेलं मी पुसून टाकलं. आणि तुझं देऊळही गेलंय, ते मी नाही पाडलं, पण तेही तुला सांगत नाहीये. मी काय करू ते सांग. काहीतरी बोल. शिव्या दे."

सेत्सुकोने सगळं लक्ष देऊन ऐकलं, एखादी सुरेख गोष्ट ऐकावी तसं. मग तीही बोलली, बराच वेळ, हळू, थांबत थांबत. ती माफ करत होती, की शाप देत होती, की पंखा इकडे वळव म्हणत होती, हे अलकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग तिने उजवा हात वर केला. पंजा उघडा, बोटं ताठ. हवेत धरून वाट पाहत राहिली. अलकाला वाटलं पाणी हवंय. मग वाटलं नर्सला बोलवायचंय. घड्याळात तर सकाळचे सात नव्हते. पण हात खाली येईना, आणि दुसरा हात चादरीवर मेल्यासारखा पडलेला. अलकाने आपला पंजा पुढे केला. पहिली टाळी चुकली, मनगटावर लागली. दुसरी बरी वाजली. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "कीप इट डाउन, लव्ह."

एक ऑगस्टला सकाळी पावणेसातला सेत्सुको गेली. फुमिए तेव्हा विमानात होती.

दुपारी ती अलकाच्या दारात उभी राहिली. पन्नाशीची, चष्मा, हातात छोटी बॅग, डोळे कोरडे. शाळेत शिकवतात तसलं नीटनेटकं इंग्रजी, एकेक शब्द मोजून. अलकाने तिला चहासुद्धा विचारला नाही. पांढऱ्या धुवट रुमालातली पट्टी तिच्यापुढे ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. उघडलं. धुतलं. संपलं. बघायचं होतं म्हणून. मावशीला कळलेलं नाही. मावशीला देवळाचंही कळलेलं नाही, देऊळ गेलंय ते मला माहीत आहे.

फुमिए पट्टीकडे पाहत राहिली. इतका वेळ, की अलकाला वाटलं आता ही ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल.

"देवळाचं मी लपवलं," फुमिए म्हणाली. "अकरा वर्षं. पत्रात लिहिते, उत्सव छान झाला. पायऱ्या झाडल्या. बेडूक आहेत." तिने चष्मा काढून पुसला. "तुम्ही एकदा. मी दर महिन्याला."

मग शिक्षिकाबाईंनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"आत काय होतं?"

"हेच. लाकूड."

"फक्त लाकूड?"

"फक्त लाकूड."

"आणि?"

"आणि कागद. दोन."

दोघी पुन्हा एकदा पट्टीवर वाकल्या. फुमिएने वाससुद्धा घेतला. "मध," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

देऊळ होतं तिथे, झाडांत, ती पट्टी ठेवून येईन असं तिने कबूल केलं. रुमालासकट बॅगेत घातली. तिने ती खरंच नेऊन ठेवली का, त्याचं पत्र काही आलं नाही.

निघायच्या आधी दोघी सेत्सुकोच्या घरी गेल्या आणि फुमिएने बॅगेतून एक पांढराशुभ्र कागद काढला. घरात मृत्यू झाला की देवाचं ते छोटं घर कागदाने झाकतात, पन्नास दिवस. मृत्यूची सावली देवावर पडू नये म्हणून. तांदूळ बंद, पाणी बंद, टाळ्या बंद. "मी घरची आहे. मला हात लावता येत नाही. बाहेरच्या माणसाने लावायचा असतो," ती म्हणाली, आणि कागद अलकापुढे धरून वाकली. "अलका-सान, प्लीज."

अलकाने कागद घेतला, सेलोटेप घेतली, स्टुलावर चढली. वर छताला ढग होता, समोर उघडी रिकामी दारं. ती तशीच उभी राहिली. मग कागद न लावता सावकाश खाली उतरली.

"बाहेरचं माणूस हवं ना?" ती म्हणाली. "मग थांब, अजयला बोलावते."

फुमिएने तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाकली, या वेळी जास्त खाली.

अजय आला, बूट काढले, कागद लावला. खाली उतरून हात झटकत होता तर अलका म्हणाली, "आता माझ्याकडे चल."

"तुमच्याकडे काय, ताई?"

"तसाच कागद. माझ्या देव्हाऱ्यावर. मला हात लावता येत नाही."

"पण ताई, पन्नास दिवस? आपल्याकडे तर दहा. त्यातून मध्ये गणपती आहेत. मोदक?"

"लाव म्हटलं ना."

त्याने लावला. चारी बाजूंनी, बुडबुडा न ठेवता, बँकेतल्या माणसासारखा. जाताना दारात थांबला. "नीनाने विचारलं तर?"

"नीना विचारत नाही," अलका म्हणाली. "सांगते."

तर खरी गोष्ट एवढीच. अलका दाबके जपानी झाली नव्हती. शेजारीण वारली होती आणि तिचं सुतक ती पन्नास दिवस पाळत होती. देव्हाऱ्यावरचा कागद नीना सबनीसच्या नवऱ्याने चिकटवला होता.